हवा, वायू आणि जिवाणूंचं विष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गात पोरं विचारतात त्यापेक्षा अवघड प्रश्न मला लग्नाच्या भटारखान्यात, बचत गटाच्या बैठकीत आणि तालमीच्या दारात ऐकायला मिळाले. बहुतेकांच्या मुळाशी एकच समज असतो : हवा लागली की पदार्थ बिघडतो, हवा बंद केली की वाचतो. बुरशीच्या बाबतीत तो बऱ्यापैकी खरा आहे. विषाच्या बाबतीत मात्र कित्येकदा नेमका उलटा.

जिवाणूंना हवेशी काय देणंघेणं?

आपल्या भोवतालच्या हवेत साधारण 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन आणि जेमतेम 0.04 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. आपण या मिश्रणाला सरावलो आहोत. जिवाणूंचं तसं नाही. काहींना ऑक्सिजन लागतोच, काहींना असला तरी चालतो नि नसला तरी, आणि काहींना तो अक्षरशः मारतो. या तिसऱ्या जमातीला विनॉक्सी जिवाणू म्हणतात. ऑक्सिजनपासून पेशीत जी दाहक संयुगं तयार होतात, ती निकामी करायची पुरेशी सामग्री यांच्याकडे नसते. हवेशिवाय जगणारे जीव असतात हे लुई पाश्चरनं 1861 मध्ये दाखवलं. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको, कारण गावोगावच्या गोबरगॅसच्या टाकीत असल्याच हवाद्वेष्ट्या मंडळींच्या जिवावर मिथेन तयार होतो.

विष म्हणजे नक्की काय? जिवाणू असला की विष असतंच का?

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्या. जिवाणू जिवंत असणं, त्याची वाढ होणं आणि त्यानं विष बनवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विष बनवायचं तर जिवाणूला खर्च येतो, त्यामुळे तो आजूबाजूची परिस्थिती बघून ठरवतो : तापमान किती, मीठ किती, खायला काय आहे, कोणता वायू किती आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियससमध्ये तर ऑक्सिजन कमी झाला की एका विषाच्या जनुकाचं काम मंदावणारी प्रथिनांची जोडी सापडली आहे. एक प्रथिन बाहेरचा अंदाज घेतं, दुसरं आत बटण दाबतं.

दरवेळी वायूच कारण असतो असंही नाही. घटसर्पाचा जिवाणू विष बनवतो तो भोवताली लोह कमी पडल्यावर.

लग्नातला पांढरा रस्सा रात्रभर डेगीत राहिला. सकाळी गरम करून वाढला, तरी दुपारनंतर पोटं बिघडली. झाकण तर घट्ट होतं. मग कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मटणात, मसाल्यात, मातीत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या विनॉक्सी जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूचं चिलखत घातलेलं झोपेतलं रूप. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, तासभर रटरटली तरी यातले बरेच बीजाणू मरत नाहीत. उलट उकळण्यानं दोन गोष्टी त्यांच्या सोयीच्या होतात. एक, बाकीचे स्पर्धक जिवाणू मरतात. दोन, रश्शात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो, कारण पाणी जितकं तापतं तितका त्यात वायू कमी मावतो. वर तेला-तुपाचा तवंग, त्यावर झाकण. आता हवा परत आत जाणार कुठून? म्हणजे आचाऱ्यानं नकळत आमच्या प्रयोगशाळेतलं काम डेगीत करून ठेवलेलं असतं.

मग डेग हळूहळू निवते. एकदा एका कार्यालयात मी हौसेनं लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन गेले होते. रात्री दहाला चुलीवरून उतरवलेली मोठी डेग, सकाळी सहाला वरचा थर बोटाला कोमट लागत होता. थर्मामीटर मधोमध बुडवला तर पारा 44 वर. आचारी मामा म्हणाले, "बघा की मॅडम, अजून ऊन ऊन हाय!" त्यांना तो रस्सा चांगला राहिल्याचा पुरावा वाटला. माझ्या पोटात गोळा आला, कारण 43 ते 47 अंश हे या जिवाणूचं सगळ्यात आवडतं तापमान. तिथं तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो.

पुढची गंमत अशी की हा जिवाणू आपलं विष मुख्यतः डेगीत बनवत नाही, आपल्या आतड्यात बनवतो. भरपूर संख्येनं जिवंत जिवाणू पोटात गेले की तिथं ते पुन्हा बीजाणू व्हायला लागतात आणि त्या वेळी विष सुटतं. म्हणून त्रास लगेच होत नाही, 6 ते 24 तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. उलटी आणि ताप सहसा नसतो. बहुतेकांना एका दिवसात उतार पडतो. म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांची मात्र काळजी घ्यावी.

पण सकाळी गरम केला होता ना?

गरम केला होता की उकळला होता? नारळाचं दूध फाटेल या धास्तीनं पांढरा रस्सा बहुतेक वेळा नुसता वाफाळेपर्यंत तापवतात. खळखळून उकळी फुटली असती तर जिवंत जिवाणू मेले असते आणि विष बनवायला कुणी उरलं नसतं. यावर जुन्या आचाऱ्यांची युक्ती मला पटते : अळणी वेगळी ठेवायची, ती सकाळी सडकून उकळायची, आणि नारळाचं दूध वाढायच्या आधी ताजं घालायचं.

मग उरलेला रस्सा ठेवायचा कसा?

खोल भांड्यात ठेवू नका, एवढं केलं तरी निम्मं काम झालं. परातीत, पसरट टोपात चार-चार बोटं ओता, खाली बर्फाचं किंवा गार पाणी ठेवा, ढवळत राहा. दोन तासांत 57 वरून 21 अंशांवर आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर यायला हवा, असा एक नियम परदेशातल्या हॉटेलांत पाळतात. आपल्याकडे मंगल कार्यालयात एवढा फ्रिज कुठला, हे मला मान्य आहे. मग दुसरा रस्ता : आच बंद करायचीच नाही, 60 अंशांच्या वर ठेवायचा. तेही जमत नसेल तर रात्रीच वाटून टाका. कोल्हापुरात फुकटचा रस्सा न्यायला माणसं मिळत नाहीत असं कधी झालंय का?

लसणाचा ओला ठेचा तेलात बुडवून महिनाभर बाहेर ठेवतो. वर बोटभर तेल असतं, हवा अजिबात लागत नाही. सुरक्षित आहे ना?

हवा अजिबात लागत नाही, हीच तर अडचण आहे.

लसूण जमिनीत वाढतो. त्याच्या पाकळ्यांना क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू चिकटलेले असू शकतात. उघड्यावर ते निपचित पडून असतात. ओलसर, फारसा आंबटपणा नसलेला लसूण तेलाखाली, घरातल्या उबेत ठेवला की ऑक्सिजन बंद होतो आणि त्यांना जाग येते. हा जिवाणू जे विष बनवतो ते ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल मानलं जातं. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका रेस्टॉरंटमध्ये जेवलेले 36 जण असेच आजारी पडले. कारण निघालं तेलातला बारीक चिरलेला लसूण, जो फ्रिजबाहेर ठेवला होता.

आता लगेच घरातली बरणी ओतून द्यायला धावू नका, आधी बरणीत काय आहे ते बघा. कांदा-लसूण मसाला खडखडीत कोरडा असेल तर त्यात हा जिवाणू वाढत नाही, त्याला पाणी लागतं. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची लसूण चटणीही त्याच वर्गातली. भीती आहे ती ओल्या, कमी मिठाच्या, लिंबू-चिंच-व्हिनेगर काहीही नसलेल्या, तेलाखाली दडवलेल्या ठेच्याची. तो फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. जास्त दिवस हवा असेल तर फ्रीजरमध्ये टाका.

मग आजीचं कैरीचं लोणचं वर्षभर कसं टिकतं? त्यावरही तेलच असतं.

कारण लोणच्यात तेल हे दुय्यम राखणदार आहे. ते फक्त वरून बुरशी येऊ देत नाही. खरी राखण करतात कैरीचा आंबटपणा आणि मीठ. आम्लता मोजायच्या पट्टीवर (पीएच; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या खाली गेलं की बोट्युलिनमची वाढ थांबते, आणि कच्ची कैरी त्याच्या बरीच खाली असते. आजीला ही पट्टी ठाऊक नव्हती, पण "मिठात हात आखडू नको" हे ठाऊक होतं. हल्ली ब्लडप्रेशरमुळे मीठ कमी करून लोणचं घालतात. घाला, पण मग ते फ्रिजमध्ये ठेवा.

वास, चव, फुगलेलं झाकण यावरून कळत नाही का?

झाकण फुगलेलं असेल तर टाकूनच द्या. पण फुगलं नाही म्हणजे चांगलं, असं म्हणता येत नाही. आपल्या नाकाला जे विटणं, आंबणं, खवटणं कळतं ते बहुतेक वेगळ्याच जिवाणू-बुरशांचं काम असतं. विष बनवणारा वास सोडेलच असं नाही. शंका आली तर चाखून बघू नका. बोट्युलिनमचं विष दहा मिनिटं उकळल्यानं नष्ट होतं, पण त्या भरवशावर संशयाची बरणी वाचवायला जाऊ नये.

बचत गटासाठी व्हॅक्युम पॅकिंगचं मशीन घेतोय. त्यात काय काय भरता येईल?

चिरमुरे, भडंग, शेव, कोरड्या चटण्या, सुका मसाला, खुशाल भरा. यातला शत्रू म्हणजे खवटपणा. तो तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडल्यानं येतो, आणि मशीन नेमका तोच काढून घेतं. वेफरच्या पिशवीत नायट्रोजन भरतात तोही याचसाठी. नायट्रोजन स्वतः कुणाला मारत नाही, नुसता जागा अडवून बसतो. कार्बन डायऑक्साइडचं काम वेगळं : तो पदार्थातल्या पाण्यात विरघळतो आणि बुरशी व हवेवर वाढणारे जिवाणू दाबून धरतो, म्हणून पॅकिंगच्या वायूत तो मुद्दाम मिसळतात.

ओले पदार्थ मात्र, म्हणजे शिजवलेलं मटण, उकडलेला बटाटा, मासे, पनीर, व्हॅक्युममध्ये भरून दुकानाच्या फळीवर ठेवायचे नाहीत म्हणजे नाहीत. इथं दुहेरी धोका आहे. ऑक्सिजन काढल्यानं वास मारणारे जिवाणू दबतात, म्हणजे आपल्याला सावध करणारा पहारेकरीच जातो. मागे राहतो तो न बोलणारा. बोट्युलिनमच्या काही जाती तर 3 अंशांच्या आसपास, म्हणजे फ्रिजमध्येसुद्धा, सावकाश वाढतात. मासे भरताना परदेशात म्हणूनच ऑक्सिजन आत झिरपू देणारी फिल्म वापरतात. बाहेरून हवाबंद दिसणारी पिशवी मुद्दाम थोडी गळकी!

एक बाई म्हणाल्या, "मॅडम, मशीनवाला तर म्हणाला सगळं टिकतं." मशीनवाला मशीन विकतो, वहिनी.

ऑक्सिजन असल्यामुळे विष वाढतं, असंही कधी होतं का?

होतं, म्हणूनच "हवा वाईट" किंवा "हवा चांगली" असा सरसकट नियम करता येत नाही.

पहिलं उदाहरण भाताचं. दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला की बॅसिलस सेरियस वाढू शकतो. त्याचं उलटी आणणारं विष बनायला ऑक्सिजन हवा असतो, नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या पदार्थात ते फारसं तयार होत नाही. आणि हे विष उष्णतेला अजिबात दाद देत नाही. फोडणीचा भात कितीही परतला तरी ते तसंच राहतं. म्हणून शिळ्या भाताची फोडणी करायचीच असेल तर तो रात्री फ्रिजमध्ये गेलेला असावा.

दुसरं उदाहरण कॉलेजच्या मुली हळू आवाजात विचारतात. 1980 च्या सुमारास अमेरिकेत जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे (पाळीत योनीमार्गात ठेवायचा शोषक बोळा) तरुण स्त्रियांना टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जिवाणूच्या विषानं एकाएकी येणारा गंभीर आजार, होऊ लागला, काहींचे जीव गेले. योनीमार्गात एरवी ऑक्सिजन फार कमी असतो. टॅम्पॉनच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा त्याच्याबरोबर आत गेली आणि तिथं असलेल्या स्टॅफिलोकॉकसला विष बनवायला पोषक वातावरण मिळालं. जिवाणू आधीपासून तिथंच होता, बदलला तो वायू. आजार दुर्मीळ आहे, घाबरायचं कारण नाही, पण टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पाळीचा कप वापरणाऱ्यांनीही पाकिटावरची वेळ पाळावी. पाळीत एकाएकी जोराचा ताप, उलट्या, अंगावर उन्हानं भाजल्यासारखा लालपणा आला तर ते काढून टाकून थेट दवाखाना.

कार्बन डायऑक्साइडवरून जिवाणूला काय कळतं?

आपण कुठं आहोत ते. बाहेरच्या हवेत तो नगण्य असतो, आपल्या शरीरात भरपूर, आणि पाण्यात विरघळून त्याचं बायकार्बोनेट होतं. पटकीचा जिवाणू नदीच्या पाण्यात असतो तेव्हा विष बनवून त्याचा काही फायदा नाही. लहान आतड्यात पोचला की तिथल्या बायकार्बोनेटवरून त्याला मुक्कामाची खूण पटते आणि विषाचं काम जोरात सुरू होतं. पटकीत माणूस कोरडा पडतो तो याच विषामुळे, हे शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यात 1959 मध्ये सिद्ध केलं. त्यांना हवा तेवढा मान मिळाला नाही, ही माझी जुनी तक्रार.

तालमीतल्या लाल मातीत पोरं उघड्या अंगानं लोळतात. धनुर्वात कसा होत नाही?

हौद्यातल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू काय काय मुरवतात. पैलवानांची त्या मातीवर श्रद्धा असते, तिला मी हात लावणार नाही. पण धनुर्वाताचे बीजाणू कुठल्याही मातीत असू शकतात. खरचटलेल्या कातडीला हवा लागते, रक्त वाहतं, तिथं ते रुजत नाहीत. खोल, अरुंद, आतलं मांस मेलेली जखम झाली की तळाशी ऑक्सिजन संपतो आणि तिथं विष तयार होतं. खिळा टोचला की धनुर्वात होतो असं म्हणतात ते यामुळे. गंजाचा दोष नाही, खोल भोकाचा आहे.

किटासातो शिबासाबुरो या जपानी शास्त्रज्ञानं 1889 मध्ये बर्लिनला हा जिवाणू पहिल्यांदा शुद्ध रूपात वाढवला तो हवा हटवून, हायड्रोजन वायूत. तोवर भल्याभल्यांना तो वेगळा काढता आला नव्हता.

जखम साबण-पाण्यानं धुवा, शेण-माती-चुना भरू नका, आणि लसीचा हिशेब ठेवा. आता टीटीऐवजी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची लस) देतात, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. माता आणि नवजात बाळांमधला धनुर्वात भारतात आटोक्यात आल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे.

ऑक्सिजन देऊन विष थांबवता येतं का?

गॅस गँगरीनमध्ये तसा प्रयत्न करतात. इथला जिवाणू तोच, रश्शातला परफ्रिंजेन्स, पण चिरडलेल्या स्नायूत शिरलेला आणि वेगळं विष सोडणारा. त्वचेखाली वायूचे बुडबुडे येतात, दाबलं की चुरचुरतं. रुग्णाला दाबाच्या कक्षात, वातावरणाच्या अडीच-तीन पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. ऊतींमध्ये ऑक्सिजन पुरेसा वाढला की हा जिवाणू विष बनवणं थांबवतो. आधी बनलेलं विष मात्र यानं जात नाही. म्हणून मेलेलं मांस काढणारी शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकं आधी, कक्ष नंतर.

बरणीत मेणबत्ती लावून झाकण लावलं तर ऑक्सिजन संपतो ना? शाळेत शिकवलं होतं.

चुकीचं शिकवलं होतं. मेणबत्ती विझते तेव्हाही ऑक्सिजन 16-17 टक्क्यांच्या आसपास उरतो, कार्बन डायऑक्साइड तेवढा वाढतो. थोडा कार्बन डायऑक्साइड आवडणाऱ्या जिवाणूंसाठी अशी बरणी प्रयोगशाळेत वापरतात, विनॉक्सी जिवाणू तिच्यात वाढत नाहीत.

ऑक्सिजन खरोखर संपताना बघायचा असेल तर दूध तपासणारी जुनी रीत बघा. परीक्षानळीत दूध, त्यात मिथिलीन ब्लूचे थेंब, कोमट पाण्यात ठेवायचं. सुरुवातीला नळी आभाळी निळी दिसते. दुधातले जिवाणू विरघळलेला ऑक्सिजन संपवतात तसा रंग फिका होत जातो आणि शेवटी नळी पांढरी होते, फक्त वरच्या कडेला, हवा लागते तिथं, निळी रेघ उरते. चांगल्या कच्च्या दुधाचा रंग पाच तासांनंतरही टिकतो, वाईट दुधाचा अर्ध्या तासात जातो. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या मित्रांना मी ही नळी दाखवत असते. ते बघतात, मान डोलावतात, आणि मिशीवरचा फेस पुसत दुसरा ग्लास मागवतात.

बाळाला मध चाटवावा का?

एक वर्षाच्या आत नाही. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात त्यांना अडवणारे जिवाणू अजून पुरेसे वसलेले नसतात. मोठ्यांना तोच मध बाधत नाही.

दवाखान्यात केव्हा पळायचं?

जुलाब-उलट्या झाल्या तर मीठ-साखर-पाणी द्यावं. रक्त पडलं, लघवी कमी झाली किंवा माणूस मलूल पडला तर डॉक्टरांकडे न्यावं. पण पापण्या जड होऊन खाली येणं, एकाचे दोन दिसणं, बोलणं जडावणं, घोट न उतरणं यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका, पोट बिघडलेलं नसलं तरी. बोट्युलिझम असा डोळ्यांपासून खाली उतरत जातो, बहुतेक वेळा खाल्ल्यापासून 12 ते 36 तासांत. प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितकं बरं, कारण नसांना एकदा चिकटलेलं विष ते सोडवू शकत नाही. आणि जाताना ती बरणी सोबत न्या, धुऊन नाही, आहे तशी.